शाळेची धास्ती, बदलणारी मैत्री आणि छळ : गिंडीतील मराठी पालकांसाठी

चेन्नईच्या दक्षिणेकडील गिंडी हा परिसर कामानिमित्त येणाऱ्या माणसांनी घडवलेला आहे. भूमापन शिकवण्यासाठी १७९४ मध्ये निघालेल्या शाळेतून वाढत गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे, १९५८ मध्ये सुरू झालेली औद्योगिक वसाहत येथे आहे, गिंडीच्या जंगलाच्या जमिनीवर १९५९ मध्ये उभी राहिलेली आयआयटी मद्रास शेजारीच आहे आणि अलीकडच्या काळात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या उंच इमारतींनी या सगळ्यात भर घातली आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक येथून बदलीवर, नोकरीसाठी किंवा संशोधनासाठी येथे येणाऱ्या मराठी कुटुंबांतील मोठ्यांना कार्यालयात इंग्रजीवर निभावून नेता येते. मुलांना ही सोय नसते, कारण वर्गात शिकवणे इंग्रजीत होत असले तरी मधल्या सुट्टीतील भांडणे, खेळाचे नियम, गुपिते आणि चिडवाचिडवी बहुतेक शाळांत तमिळमध्येच चालतात. मुळात हळव्या, काळजीखोर स्वभावाच्या मुलाला अशा वेळी शाळेचा धसका बसला तर त्यात नवल नाही; मात्र त्या धसक्याचे नेमके कारण ओळखल्याशिवाय केलेला उपाय अनेकदा उलटतो.

‘मला शाळेत जायचे नाही’ या एका वाक्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे चिंता, म्हणजे प्रत्यक्ष धोका समोर नसताना किंवा तो किरकोळ असताना शरीराने आणि मनाने मोठ्या संकटाची तयारी करणे. दुसरी म्हणजे मैत्रीतील उलथापालथ, म्हणजे कालचा सवंगडी आज दुसऱ्या बाकावर जाऊन बसणे, जी दुखावणारी असली तरी वाढीच्या वयाचा स्वाभाविक भाग असते. तिसरी म्हणजे छळ, ज्याला शाळांच्या परिपत्रकांत आणि पालकांच्या बोलण्यात ‘बुलिंग’ म्हटले जाते. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि देणारा व सोसणारा यांच्या बळात फरक असतो, मग ते बळ अंगाचे असो, वयाचे असो, संख्येचे असो किंवा भाषेचे. या तीन गोष्टींवरचे उपाय वेगळे, किंबहुना काही बाबतींत परस्परविरुद्ध आहेत. चिंतेच्या बाबतीत मुलाने भीतीच्या दिशेने हळूहळू पावले टाकायची असतात, मैत्रीच्या बाबतीत मोठ्यांनी बराचसा धीर धरायचा असतो आणि छळाच्या बाबतीत मात्र मोठ्यांनी मध्ये पडून तो थांबवायचा असतो. छळ सोसणाऱ्या मुलाला ‘धीट हो’ म्हणून सांगणे आणि केवळ चिंताग्रस्त असलेल्या मुलाला घरी ठेवून घेणे, या दोन चुका मायेपोटीच होतात, पण दोन्हींची किंमत मूल मोजते.

चिंतेचे पहिले दर्शन बहुधा शरीरात घडते. रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागणे, सोमवारी सकाळी मळमळणे, डोके धरणे, वारंवार लघवीला जाणे आणि शनिवारी सकाळी यांपैकी काहीही नसणे, हा क्रम दोन-तीन आठवडे दिसला तर तो लक्षात घ्यावा. मूल सोंग करते असे समजणे येथे साफ चुकीचे ठरते, कारण भीतीच्या वेळी शरीरात पसरणारी संप्रेरके पचनावर खरोखरच परिणाम करतात आणि ते दुखणे खरेच असते. बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घ्यावी आणि शारीरिक कारण नाही असे ठरल्यावर दर सोमवारी नवी तपासणी काढत बसू नये.

चिंता टिकून कशी राहते, हे समजले की उपायाची दिशा आपोआप कळते. शाळा चुकली की मुलाला तत्काळ हायसे वाटते. त्या सुटकेतून मेंदू एवढाच धडा घेतो की शाळा खरोखरच धोक्याची होती आणि घरी राहिल्यामुळे आपण वाचलो. परिणामी दुसऱ्या दिवशीची भीती आदल्या दिवसापेक्षा मोठी होते. मानसशास्त्रात याला ‘टाळणे’ म्हणतात, आणि त्याला घरातील माणसेही नकळत हातभार लावतात : आई डबा देण्याच्या निमित्ताने रोज वर्गाच्या दारापर्यंत जाते, बाबा मुलाच्या वतीने शिक्षिकेशी बोलतात, आजी पुण्याहून फोनवर ‘राहू दे आजचा दिवस’ म्हणते, आणि ‘काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला दिवसातून अनेकदा तेच आश्वासन मिळत राहते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेली उपचारपद्धती नेमकी याच जागी काम करते. तीत मुलाऐवजी पालकांना शिकवले जाते की मुलाच्या भीतीसाठी घराने बदललेल्या सवयी एकेक करून मागे कशा घ्यायच्या आणि त्याच वेळी दोन गोष्टी एकत्र कशा सांगायच्या : ‘तुला किती अवघड जातेय ते मला दिसतेय’ आणि ‘तुला हे जमेल याची मला खात्री आहे’. केवळ पहिले वाक्य म्हटले तर मूल भीतीतच अडकते आणि केवळ दुसरे म्हटले तर त्याला एकटे पडल्यासारखे वाटते.

परतीची वाट पायऱ्यापायऱ्यांची असावी, याला क्रमिक सामना म्हणतात. पायरी इतकी लहान हवी की मूल घाबरत का होईना पण ती चढू शकेल, आणि प्रत्येक पायरीवर भीती ओसरू लागेपर्यंत थांबावे. समजा, तिसरीतील मूल पंधरा दिवस शाळेत गेलेले नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी, मुले घरी गेल्यानंतर, पालकासोबत शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. नंतर एके दिवशी रिकाम्या वर्गात जाऊन आपला बाक पाहावा आणि वर्गशिक्षिकेला भेटावे. त्यानंतर पहिले दोन तास बसून घरी यावे, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पालकांनी निरोप फाटकातच, एका वाक्यात घ्यावा, कारण लांबत जाणारा निरोप मुलाची भीती वाढवतो. ठरलेली पायरी त्या दिवशी जमली नाही तर आधीच्या पायरीवर परतावे, पण शून्यावर येऊ नये. ही योजना वर्गशिक्षिकेला आधी सांगितलेली असावी आणि भीतीने गुदमरल्यावर मुलाला पाच मिनिटे बसता येईल अशी एक जागा व एक ओळखीची व्यक्ती, मग ती ग्रंथपाल असो वा खेळाचे शिक्षक, शाळेत ठरलेली असावी.

शाळेचे वेळापत्रकही येथे विचारात घ्यावे लागते. केंद्रीय विद्यालयांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर तमिळनाडू राज्य मंडळाच्या शाळा साधारणपणे जूनमध्ये उघडतात. त्यामुळे बदलीच्या आदेशानुसार मूल वर्षाच्या मध्येच वर्गात येऊन पडण्याची शक्यता बरीच असते, आणि तोवर वर्गातील जोड्या, बाक आणि गट ठरून गेलेले असतात. शक्य असेल तेथे वर्षारंभी किंवा लांब सुट्टीनंतर प्रवेश घ्यावा आणि शाळा सुरू होण्यापूर्वी वर्गातील किमान एका मुलाशी ओळख करून देण्याची विनंती शिक्षिकेला करावी.

भाषेचा मुद्दा पालक अनेकदा अभ्यासापुरता पाहतात. तमिळनाडूने २००६ मध्ये तमिळ शिक्षणाचा कायदा करून शाळांत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, म्हणून गुणांची काळजी वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु मुलाच्या मनाच्या दृष्टीने परीक्षेतील तमिळपेक्षा मैदानावरील तमिळ अधिक निकडीची आहे. ‘नानुम विळैयाडलामा’, म्हणजे ‘मीही खेळू का’, ‘वेंडाम’, म्हणजे ‘नको’, आणि ‘निरुत्तु’, म्हणजे ‘थांबव’, एवढे तीन उच्चार पहिल्या आठवड्यात तोंडी बसले तर मुलाला खेळात शिरण्याचे दार मिळते आणि त्रास होत असता विरोध करण्याचे साधनही मिळते. हे उच्चार इमारतीतील शेजाऱ्यांकडून किंवा घरी कामाला येणाऱ्या ताईंकडून ऐकून, घरात लुटुपुटीचा प्रसंग उभा करून, मोठ्या आवाजात म्हणून घ्यावेत. नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ गप्प राहते आणि त्या काळात ऐकत, साठवत असते. याला मूक काळ म्हणतात आणि त्याला आजार समजू नये. मात्र जे मूल घरी मोकळेपणाने बोलते आणि शाळेत, भाषा समजू लागल्यानंतरही, मराठी वा हिंदी बोलणाऱ्या मुलाशीसुद्धा महिनोन्महिने एक शब्द बोलत नाही, त्याच्या बाबतीत निवडक मौन ही चिंतेचीच एक अवस्था असू शकते आणि तेथे तज्ज्ञांची मदत लवकर घ्यावी. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसल्यांबरोबर तंजावरला आलेल्या मराठी घराण्यांच्या वंशजांनी घरात मराठी आणि अंगणात तमिळ अशी दोन्ही भाषांची सोबत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. घरची मराठी सोडल्याने मूल तमिळ लवकर शिकते ही समजूत निराधार असून, ज्या भाषेत मूल रडते आणि रागावते ती भाषा या काळात त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे.

घरी परतलेल्या मुलाला ‘आज काय झाले?’ असे विचारले की ‘काही नाही’ असेच उत्तर येते. त्याऐवजी लहान, जागेला धरून असलेले प्रश्न विचारावेत : डबा खाताना शेजारी कोण बसले होते, बसमध्ये खिडकी कोणाला मिळाली, खेळाच्या तासाला संघ कोणी निवडले. असे प्रश्न दप्तर ठेवताक्षणी न विचारता, मुलाच्या हातात काही काम असताना आणि नजरेला नजर भिडवण्याची गरज नसताना, म्हणजे शेंगा सोलताना किंवा दुचाकीवरून येताना विचारले, तर उत्तरे अधिक मिळतात.

मैत्रीचा प्रश्न आठव्या-नवव्या वर्षानंतर अधिक टोकदार होतो. त्याआधी जो शेजारी राहतो तो मित्र, एवढेच गणित असते. त्यानंतर आवडीनिवडी, गुपिते आणि निष्ठा यांवर मैत्री ठरू लागते आणि म्हणूनच ती तुटतेही. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांची मुले जेथे बहुसंख्य असतात अशा शाळांत आणखी एक दुःख असते, ते म्हणजे जिवलग मित्राच्याच वडिलांची बदली होणे. त्या वेळी ‘दुसरा मित्र मिळेल’ हे सांत्वन घाईचे ठरते, कारण मुलाला आधी गेलेल्याबद्दल दुःख करू द्यावे लागते. पालकांनी मैत्री जुळवून देण्यासाठी वर्गभर वाढदिवसाचे मोठे समारंभ करण्याची गरज नाही, कारण चिंताग्रस्त मूल गर्दीत आणखी मिटून जाते. कॅनडातील बालमानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांना एक तरी परस्पर जिवलग मित्र होता, त्यांच्या बाबतीत छळ आणि त्यातून येणारे खचलेपण यांचे दुष्टचक्र तितके वाढत गेले नाही. म्हणून लक्ष्य एका मुलाचे ठेवावे. वर्गातील ज्या मुलाबद्दल घरी दोनदा सहज उल्लेख झाला असेल त्याला, त्याच्या पालकांशी बोलून, एका शनिवारी बरोबर न्यावे. गिंडीत यासाठी उत्तम जागा हाताशी आहे : १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या, सुमारे २.७ चौरस किलोमीटरच्या जंगलाच्या कडेला बालोद्यान आणि सर्पोद्यान आहे, आणि अजगरासमोर उभ्या असलेल्या दोन मुलांना बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. दीड-दोन तास पुरेत. भेट रंगात असताना संपली तर पुढच्या भेटीची ओढ राहते. गावाकडच्या जुन्या मित्रांशी व्हिडिओ कॉल जरूर चालू ठेवावा, पण रोजची संध्याकाळ त्यातच जात असेल तर आठवड्यातील दोन दिवस खालच्या अंगणासाठी राखावेत.

कट्टी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे ओळखणे पालकांना अवघड जाते. दोन मुलींनी एकमेकींशी चार दिवस न बोलणे ही कट्टी आहे आणि त्यात दोघींचे बळ सारखे आहे. पाच जणींनी ठरवून, आठवडेच्या आठवडे, एकीच्या शेजारी कोणी बसायचे नाही असा नियम करणे, तिला वगळून वर्गाचा व्हॉट्सॲप गट काढणे आणि त्यात तिच्या उच्चारांची नक्कल फिरवणे हा छळ आहे, जरी तिला कोणी बोटही लावले नसले तरी. उत्तरेकडून आलेल्यांना उद्देशून तमिळनाडूत वापरला जाणारा ‘वडक्कन’ हा शब्द एखाद्या वेळी थट्टेत येऊन विरून जातो. तोच शब्द रोज, टोळक्याने, एकट्या मुलाच्या मागे लागला की तो छळच मानावा.

छळ ठरला की काम मोठ्यांचे. ‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला ज्याला पळून जायला जागा नाही त्याला निरुपयोगी आहे आणि ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला बळातील फरक विसरतो, शिवाय शिक्षा बहुधा पकडल्या गेलेल्या दुसऱ्या फटक्याला होते. आधी मुलाचे सगळे ऐकून घ्यावे, सांगितल्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी आणि पुढचे पाऊल त्याला विश्वासात घेऊन उचलावे. त्यानंतर साधी वही करून त्यात नोंदी ठेवाव्यात : मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या नळाजवळ, सातवीतील दोन मुलांनी डबा हिसकावून पाण्यात बुडवला, त्या वेळी वर्गातील अमुक मुले तेथे होती, मुलाने तासाच्या शिक्षिकेला सांगितले. अशा नोंदीपुढे ‘मुले आहेत, चालायचेच’ हे उत्तर टिकत नाही. तक्रार प्रथम वर्गशिक्षिकेकडे आणि मग मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी थेट जाऊन भांडण टाळावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, मार्च २०१५ मध्ये काढलेल्या परिपत्रकात संलग्न शाळांना छळविरोधी समिती नेमण्याची सूचना दिलेली आहे. ती समिती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे पालकांनी विचारावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई करते, म्हणून त्रास शिक्षकाकडून होत असेल तर त्याचा आधार घ्यावा. त्याच कायद्याचे कलम २९ मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा शिक्षणपद्धतीकडून करते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असणे अपेक्षित आहे.

शाळा अनेकदा दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावते. समान भांडणात ते ठीक आहे, परंतु छळात ही पद्धत धोक्याची असते, कारण सोसणाऱ्याला त्रास देणाऱ्याच्या समोरच तक्रार करावी लागते आणि त्याची किंमत तो फाटकाबाहेर मोजतो. तमिळनाडूतच याचे भयंकर उदाहरण घडले आहे : तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये जातीवरून छळ होत असलेल्या एका दलित विद्यार्थ्याने शाळेत जाणे थांबवले होते, तक्रार झाल्यानंतर काही मुलांनी त्याच्या घरात शिरून त्याच्यावर व त्याच्या बहिणीवर विळ्यांनी वार केले. त्यानंतर राज्य सरकारने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली आणि तिने जून २०२४ मध्ये अहवाल देताना जात दर्शवणाऱ्या रंगीत मनगटी पट्ट्यांवर बंदीसह अनेक शिफारशी केल्या. प्रत्येक छळ इतक्या टोकाला जात नाही. तरीही तक्रार देतानाच पुढच्या काही आठवड्यांत बसमध्ये, स्वच्छतागृहाच्या वाटेवर आणि शाळा सुटताना मुलावर कोणाची नजर राहील, हे शाळेकडून नावानिशी ठरवून घेणे हा पालकांचा पहिला आग्रह असला पाहिजे.

छळाच्या जागी पाहणारी मुलेही असतात आणि त्यांचे वजन मोठे असते. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की कोणी हसून साथ देते, कोणी गप्प पाहते, कोणी आड येते, आणि या भूमिकांवर छळ वाढणे वा थांबणे बरेच अवलंबून असते. पुढे याच विचारावर तेथे ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम उभा राहिला. ज्यांचे मूल छळ सोसत नाही, अशा पालकांनाही म्हणून काम आहे : ‘त्याला आपल्या बाकावर बोलाव’, ‘हसू नकोस’, ‘मिसना सांग’ एवढ्या तीन गोष्टी आपल्या मुलाला शिकवणे. आणि आपलेच मूल त्रास देते असे कळले, तर त्याचा कैवार घेऊ नये किंवा मारहाणही करू नये. काय केले ते त्याच्याकडून स्पष्ट बोलून घ्यावे, नुकसान भरून द्यायला लावावे आणि वर्गशिक्षिकेशी संपर्क ठेवावा.

काही चिन्हे दिसली तर घरगुती उपायांवर थांबू नये : चार आठवड्यांहून अधिक काळ शाळेला नकार, झोप व भूक बिघडणे, कारण सांगता न येणाऱ्या अंगावरच्या जखमा, आवडीच्या खेळातूनही मन उडणे आणि ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे कोणतेही बोलणे. मरणाविषयी सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. शांतपणे विचारावे, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छळात लैंगिक स्पर्श, चित्रे किंवा धमकी असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि ते शाळेत मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक देशभर चालतो, तमिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाचा मदत क्रमांक १४४१७ आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास, तमिळ आणि मराठीसह अनेक भाषांत, मानसिक आरोग्याविषयी बोलता येते. हे तिन्ही क्रमांक घरातील फोनवर साठवून ठेवावेत आणि वाचता येणाऱ्या मुलाला ते कुठे आहेत हे दाखवून ठेवावे.